मंगळावर माणूस : रॉकेट सोडा, स्पेअर पार्टचं काय?

चाकणकर
शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज टंकायचा मूड आहे म्हणून हा धागा काढतोय. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर, कंपनीच्या बसमध्ये, कुठेही मंगळाचा विषय निघाला की चर्चा रॉकेटवरच अडकते, केवढं मोठं, किती इंजिनं, खाली येऊन उभं राहतं का, कोण आधी पोचणार वगैरे. मी चाकणला मेंटेनन्सला आहे. आयुष्य बेअरिंग, सील आणि पंपात गेलंय, त्यामुळे मला भलताच प्रश्न पडतो. बाबांनो, तिथे गेल्यावर काही बिघडलं तर पार्ट कुठून आणणार?

हसू नका, सीरियसली विचारतोय. मे २०२४ ची गोष्ट घ्या. स्पेस स्टेशनवर लघवीपासून परत पिण्याचं पाणी करायचं यंत्र आहे, त्याचा पंप गेला. पंप जाणं म्हणजे काही जगबुडी नाही, आमच्याकडे जातच असतात. पण तिथे पंप गेला म्हणजे लघवी पिशव्यांत भरून ठेवायची वेळ आली, आणि भरून भरून भरणार किती. नशिबाने जूनच्या सुरुवातीला स्टारलायनर सुटायचंच होतं, त्यातून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जाणार होते. मग दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या आणि त्या वजनात नवा पंप चढवला. (आठवड्याभरासाठी गेलेले ते दोघं २८६ दिवसांनी मार्च २०२५ मध्ये आले, म्हणजे नेमके ज्यांचे कपडे खाली राहिले तेच वर अडकले. नशीब बघा.)

हे जमलं कारण स्टेशन डोक्यावर फक्त ४०० किमीवर आहे आणि तिथे वर्षभर सामानाची यानं जात असतात. मंगळ जवळात जवळ साडेपाच कोटी किमी, लांबात लांब ४० कोटी. पण अंतरापेक्षा टाइमटेबल वाईट. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते साधारण २६ महिन्यांतून एकदा, तेव्हाच निघायचं. जायला सात ते नऊ महिने, परतीचा मुहूर्त लागेपर्यंत तिथे जवळजवळ दीड वर्ष मुक्काम आणि मग तेवढाच परतीचा प्रवास. एकूण अडीच ते तीन वर्षं. आणि निघाल्यावर दहाव्या दिवशी काही फुटलं तर मागे फिरता येत नाही. अपोलो १३ ची टाकी १९७० मध्ये फुटली तेव्हा ते चंद्राला वळसा घालून चार दिवसांत घरी आले. मंगळाच्या वाटेवर असा वळसा म्हणजे पुन्हा वर्ष-दोन वर्षं.

मागे आमच्याकडे एका सप्लायरने बॉक्सवर नंबर बरोबर आणि आत सील भलतंच असं पाठवलं होतं. रात्रपाळीला मशीन उघडून बसलेलो, शाफ्टवर चढवायला गेलो तर बसेना, कॅलिपर लावला तर दोन मिलिमीटरचा फरक. त्यात दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे भोसरीच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी. तरी ओळखीत फोन फिरवून दुपारपर्यंत मिळवलं. मंगळावरून असा फोन लावला तर नुसती शिवी पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, तेवढीच उत्तर यायला, आणि पार्ट पुढच्या मुहूर्तावर.

तर रॉकेट तयार आहे असं धरून चाला. त्यापुढे काय काय अडेल? जाणकारांनी लिहा.

सदाशिवपेठी
शनिवार, रात्री ११:१९

आधी सिंहगड रोडचे खड्डे बुजवा, मग मंगळावर जा.

निमूट
शनिवार, रात्री ११:२१

हा प्रतिसाद सात मिनिटांत आला, धाग्याला शकुन झाला. आता चालू द्या.

गार्गी_कोथरूड
रविवार, रात्री १२:०५

मस्त धागा काका. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडे पण सगळे इंजिनावरच बोलतात. परतीच्या इंधनाबद्दल लिहिते, कारण तो पार्ट मला सगळ्यात भन्नाट वाटतो.

परत यायचं तर मंगळावरून उडावं लागणार. नासाचा हिशोब असा आहे की चार जणांना तिथून वर काढायला साधारण ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन लागेल. एवढं इथून न्यायचं म्हणजे ते न्यायला आणखी इंधन आणि त्या इंधनाला आणखी, म्हणून ऑक्सिजन तिथेच बनवायचा असा विचार आहे. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, त्यातून ऑक्सिजन काढता येतो. पर्सिव्हरन्स रोव्हरवर मॉक्सी नावाची छोटी पेटी होती, तिने ते करून दाखवलं. २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालवली, एकूण ऑक्सिजन निघाला १२२ ग्रॅम, सगळ्यात चांगल्या दिवशी तासाला १२ ग्रॅम.

१२२ ग्रॅम कुठे आणि २५ टन कुठे. समजा तासाला दोन किलो देणारा प्लांट नेला तर १२,५०० तास चालवावा लागेल, म्हणजे सलग १७ महिने. आणि हे माणसं निघायच्या आधी व्हायला हवं, टाकी भरल्याची खात्री झाल्याशिवाय कोण पाठवेल? म्हणजे प्लांट एका मुहूर्तावर जाणार, माणसं पुढच्या.

चाकणकर
रविवार, रात्री १२:२०

गार्गी, आता मला झोप लागायची नाही. १७ महिने सलग, एकही ऑपरेटर नाही, फिल्टर साफ करायला कोणी नाही, आणि भोवती पावडरसारखी धूळ. आमचा कॉम्प्रेसर एसी रूममध्ये ठेवून, दर शनिवारी उघडून बघूनसुद्धा रुसतो. बरं, वीज कशावर?

गार्गी_कोथरूड
रविवार, रात्री १२:३१

सोलरवर कठीण आहे. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर २०१८ च्या धुळीच्या वादळात गेला, इनसाइट लँडरचे पॅनल धुळीने भरत भरत २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद पडले. म्हणून छोट्या अणुभट्टीचा विचार आहे. २०१८ मध्ये नेवाडात तशा एका छोट्या भट्टीची चाचणी झाली होती. ती पण न्यायची, उतरवायची, केबल टाकायची, आणि चालू करायला माणूस नाही. :)

डॉ_निवांत
रविवार, सकाळी ९:४०

रविवारचा चहा घेत घेत वाचलं. चाकणकर, यंत्रांचे स्पेअर निदान न्यायचा विचार तरी होतो, माणसाचे स्पेअर कुठले आणणार? हाडांचा डॉक्टर आहे म्हणून हाडांपासून सुरू करतो.

वजनरहित अवस्थेत कमरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. म्हणून स्टेशनवर रोज दोन-अडीच तास व्यायाम करतात, त्याने बराच फायदा होतो पण पूर्ण थांबत नाही. आता गंमत बघा, ही तुमच्या आवडीची आहे. स्टेशनवरचं ते लघवीचं यंत्र २००८ मध्ये बसवलं आणि थोड्याच काळात तुंबलं. कारण काय, तर हाडातलं कॅल्शियम सुटून लघवीत उतरत होतं, आणि वर तरंगणाऱ्या माणसाच्या लघवीत ते जमिनीवर टेस्टिंग केलेल्या लघवीपेक्षा जास्त निघालं. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात कॅल्शियम सल्फेटचे खडे धरले, बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉईलवर धरतात तसेच. मग ८५ टक्क्यांच्या जागी ७०-७५ टक्केच पाणी काढायचं असं ठरवून गाडं चालवलं. म्हणजे पेशंट माणूस आणि ब्रेकडाऊन मशीनचं! पुढे रसायनं बदलली, सुधारणा केल्या, आणि २०२३ मध्ये एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्यापर्यंत ते पोचले. पण त्याला पंधरा वर्षं लागली, आणि सगळा वेळ स्पेअर खालून जात होते.

दुसरं, डोळे. अंग हलकं झालं की पायातलं पाणी डोक्याकडे सरकतं, डोळ्याच्या मागच्या नसेला सूज येते, काहींचा चष्म्याचा नंबर बदलतो. नेमकं कशामुळे आणि कुणाला होतं यावर अजून काम चालू आहे.

तिसरं, किरणोत्सर्ग. क्युरिऑसिटी रोव्हर मंगळाकडे जाताना त्याच्यात मोजयंत्र होतं. प्रवासात दिवसाला साधारण १.८ मिलिसिव्हर्ट आणि मंगळावर उतरल्यावर दिवसाला ०.६ च्या वर. जाऊन येऊन वर्षभराचा प्रवास आणि ५०० दिवस मुक्काम धरला तर एकूण हजार मिलिसिव्हर्टच्या आसपास जातं. नासाची अंतराळवीरासाठी अख्ख्या नोकरीची मर्यादा ६०० आहे. पोटाचा एक सीटी स्कॅन ८-१० चा असतो, तो लिहून देताना पण आम्ही दोनदा विचार करतो.

आणि जाड पत्रा लावा म्हणून भागत नाही. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांमधून येणारे जड कण अॅल्युमिनियमवर आदळले की त्यातून आणखी कणांचा फवारा निघतो. पाणी, पॉलिथिलीन असल्या हायड्रोजनवाल्या वस्तू बऱ्या, पण त्या किती नेणार. सूर्याची वादळं वेगळीच. ऑगस्ट १९७२ मध्ये एक मोठं वादळ आलं, नशिबाने ते अपोलो १६ आणि १७ च्या मधल्या काळात. तेव्हा कोणी चंद्रावर असतं तर गंभीर आजारी पडू शकलं असतं.

माईसाहेब
रविवार, सकाळी १०:१५

डॉक्टर, छान समजावून सांगितलंत. पण मग मंगळावर उतरल्यावर माणूस उभा तरी राहील का हो? शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये परत आले तेव्हा टीव्हीवर बघितलं, तेही आधाराने चालत होते, आणि ते तर जेमतेम अठरा-वीस दिवस गेलेले.

डॉ_निवांत
रविवार, सकाळी १०:४२

माई, फार बरोबर प्रश्न. इथे परत आलेल्याला कॅप्सूलमधून उचलून खुर्चीत बसवायला माणसं हजर असतात, तिथे सात महिने तरंगून आल्यावर कोण उचलणार? जमेची बाजू अशी की मंगळावर वजन इथल्या ३८ टक्केच असतं. आणि वालेरी पोल्याकोव्ह हा रशियन डॉक्टर १९९५ मध्ये सलग ४३७ दिवस राहून आला तेव्हा मुद्दाम स्वतःच्या पायाने थोडं चालून खुर्चीत जाऊन बसला, मंगळावर पोचल्यावर माणूस कामाचा राहील हे त्याला दाखवायचं होतं. पण ३८ टक्के वजनात दीड वर्ष राहिल्यावर हाडं टिकतात की झिजत राहतात हे कोणीच तपासलेलं नाही, कारण तशी जागाच आपल्याकडे नाही. अपोलोवाले चंद्रावर जास्तीत जास्त तीन दिवस होते.

औषधांचा किस्सा राहिला. स्टेशनवर एकाच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली, तीही दुसऱ्याच संशोधनासाठी सोनोग्राफी करताना. २०२० मध्ये तो पेपर आला, पेशंटचं नाव अर्थातच गुप्त. वर रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा साठा मोजका होता, तर डोस कमी करून तो पुरवत पुरवत वापरला आणि सामानाच्या यानातून गोळ्या पोचल्यावर त्या सुरू केल्या. चाकणकरांचाच मुद्दा, फक्त स्पेअरच्या जागी गोळ्या.

हघ्या_प्लीज
रविवार, सकाळी १०:५०

अपेंडिक्स झालं तर?

डॉ_निवांत
रविवार, सकाळी ११:०४

१९६१ मध्ये अंटार्क्टिकावर रशियन तळाच्या डॉक्टरला, लिओनिद रोगोझोव्हला झालं होतं. तळावर डॉक्टर तो एकटाच. लोकल भूल घेऊन, कोणीतरी धरलेल्या आरशात बघत, बरंचसं बोटांच्या स्पर्शाने, स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं आणि वाचला. आपलं मैत्री केंद्र त्या तळापासून जवळच आहे. मी माझा दात पण स्वतः काढणार नाही.

खोडदचा_शेजारी
रविवार, दुपारी १:३०

सगळे एकदम मंगळावर राहायलाच लागलेत, आधी उतरा तरी. माझं गाव नारायणगावकडचं, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना लहानपणापासून बघतोय, ४५ मीटर व्यासाच्या ३० आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा बारीकसा सिग्नल आपल्या खोडदला पकडत होते, आणि युरोपातले लोक तो बघत बसले होते. सिग्नल इथे यायला जवळपास १० मिनिटं लागत होती. आणि उतरायच्या जरा आधी तो बंद पडला.

नंतर कळलं ते असं की पॅराशूट उघडल्यावर यान इतकं गदागदा हललं की फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग काही क्षण टोकाला जाऊन अडकलं. कॉम्प्युटरने हिशोब केला तर उंची आली शून्याच्या खाली! म्हणजे आपण जमिनीच्या पोटात आहोत असं समजून त्याने पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीस सेकंद चालवायच्या जागी तीनच सेकंद चालवली आणि बंद. प्रत्यक्षात यान पावणेचार किलोमीटर वर होतं. खाली जाऊन आदळलं. त्यात माणूस नव्हता म्हणून ती बातमी दोन दिवसांत विरली.

माणसांचं यान म्हणजे उतरतानाचं वजन वीस टनांच्या पुढे. आजपर्यंत मंगळावर धड उतरवलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पर्सिव्हरन्स, एक टनाच्या जराशी वर, तिलाही साडेएकवीस मीटरचं पॅराशूट, मग इंजिनं आणि शेवटी दोरांनी खाली सोडायची क्रेन. मंगळाची हवा इथल्या शंभराव्या हिश्श्याहून विरळ. यान तापून जळेल इतकी आहे, पण ब्रेक लागेल इतकी नाही. वीस टनाला पुरेल एवढं पॅराशूट त्या वेगात उघडणारच नाही. त्यामुळे फुगवून मोठी होणारी उष्णतारोधक ढाल (२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सहा मीटरची एक पृथ्वीच्या वातावरणात आणून तपासली) किंवा सुपरसॉनिक वेगात उलटी इंजिनं लावून थांबायचं, असे मार्ग आहेत.

सदाशिवपेठी
रविवार, दुपारी १:५२

काल गंमत केली होती, आता खरा मुद्दा. माणूस पाठवायचाच कशाला? मंगळयान ४५० कोटींत झालं, ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. ना जेवण, ना व्यायाम, ना परत आणायची कटकट. एका माणसाला तीन वर्षं जिवंत ठेवायच्या खर्चात किती रोव्हर होतील मोजा. आणि रोव्हर मेला तर घरी कोणाला कळवायला जावं लागत नाही. चाकणकर, तुमच्याच मुद्द्याचा निष्कर्ष आहे हा. जिथे पार्ट पोचत नाही तिथे मशीन पाठवावं, माणूस नाही.

चाकणकर
रविवार, दुपारी ३:१०

पेठीसाहेब, सहमत व्हायला आवडलं असतं, पण माझा अनुभव उलटा आहे. जिथे पार्ट पोचत नाही तिथेच मेकॅनिक लागतो.

इनसाइट लँडरचंच घ्या. त्याच्यावर जर्मन लोकांनी केलेला एक खिळा होता, स्वतःला हातोडीने ठोकत ठोकत पाच मीटर खोल जाऊन जमिनीचं तापमान मोजायचं. माती भलतीच निघाली, कडेने धरेच ना, त्यामुळे खिळा जागच्या जागी उड्या मारायला लागला. मग दोन वर्षं, म्हणजे अक्षरशः २०१९ ते जानेवारी २०२१, रोबोटच्या हाताने दाब, खरवड, पुन्हा दाब, प्रत्येक हालचालीचा आधी पृथ्वीवर डमीवर सराव, मग कमांड, मग उत्तराची वाट. शेवटी खिळा जेमतेम स्वतःच्या लांबीइतका, म्हणजे ४० सेंटिमीटर आत गेला आणि नाद सोडला. तिथे एक पोरगा हातात टिकाव घेऊन उभा असता तर चहाच्या सुट्टीआधी काम झालं असतं.

अंतराचंही तेच. ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षांत ४५ किमी चालला, आणि तो विक्रम आहे. अपोलो १७ चे दोघं चंद्रावर गाडीतून तीन दिवसांत ३५ किमीहून जास्त फिरले. हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेला होता, तो दोष १९९३ मध्ये माणसांनी जाऊन दुरुस्त केला म्हणून ती पुढे इतकी वर्षं चालली.

माझं म्हणणं माणूस पाठवू नका असं नाहीच. माणसाबरोबर जी मशिनरी जाणार आहे ती आज तीन वर्षं बिनव्हेंडरची चालेल अशी नाही, एवढंच. पाणी, हवा, कार्बन डायऑक्साइड काढायचं यंत्र, हे सगळं स्टेशनवर चालतं ते खालून सतत सामान जातंय म्हणून. आणि कुठला पार्ट जाईल ते आधी कळत नाही ना, म्हणून सगळेच जास्तीचे न्यायचे, त्यातले बहुतेक न वापरता परत येणार, आणि जो हवा तो नेमका संपलेला असणार. मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा.

निमूट
रविवार, दुपारी ३:४०

शेवटच्या वाक्याला +१०००.

त्या धुळीत काय असतं याबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी लिहितो. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, फिनिक्स लँडरला २००८ मध्ये सापडले, साधारण अर्धा टक्का. थायरॉईडला वाईट. म्हणजे तिथल्या मातीत सरळ बटाटे लावता येत नाहीत, आधी धुऊन काढायची. आणि ती धूळ सूटला चिकटून आत येणारच. चंद्रावर अपोलोवाल्यांचे सूट तीन दिवसांत धुळीने जाम व्हायला लागले होते, सांधे कडक झाले, दगड आणायच्या डब्यांची सीलं सुद्धा धुळीमुळे नीट बसली नाहीत. ते तीन दिवस. इथे ५००.

हॉस्टेलवाला
रविवार, रात्री ८:२५

उशिरा आलो. हाडं, पंप, धूळ सगळं झालं, पण चार-सहा माणसं एका डब्यात तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघून राहतील का? मी एका पीजीत तीन पार्टनरबरोबर राहिलोय, भांडी कोणी घासायची यावरून दोघांनी सहा महिने अबोला धरला होता.

मॉस्कोत मार्स-५०० म्हणून प्रयोग झाला, जून २०१० ते नोव्हेंबर २०११, सहा जण ५२० दिवस बंद खोल्यांत. मारामाऱ्या झाल्या नाहीत, उलट माणसं हळूहळू थंडावली. हालचाल कमी, झोप जास्त, आणि एकाचं तर दिवसरात्रीचं चक्रच बाकीच्यांपासून सुटलं, हे जागे तेव्हा तो झोपलेला. नंतर ह्यूस्टनला चार जण थ्रीडी प्रिंट केलेल्या घरात ३७८ दिवस राहिले, जुलै २०२४ मध्ये बाहेर आले. पण या सगळ्यांना ठाऊक होतं की फारच झालं तर दार उघडेल.

आणि आईला फोन नाही. "हॅलो" म्हटल्यावर चाळीस मिनिटांनी "बोल रे" ऐकू येणार. शिवाय दर दोन वर्षांनी सूर्य मधे आला की साधारण दोन आठवडे संपर्कच धड नाही.

माईसाहेब
रविवार, रात्री ८:४०

आणि जेवणाचं काय? शुभांशू आमरस आणि गाजर हलवा घेऊन गेले होते म्हणे, पण ते मजेपुरतं.

डॉ_निवांत
रविवार, रात्री ९:०५

पॅकिंगसकट माणशी दिवसाला पावणेदोन-दोन किलो धरतात माई. चार माणसं, हजार दिवस, सात टनांच्या वर गेलं. आणि तीन वर्षांत पाकिटातलं क आणि ब-१ जीवनसत्त्व उतरत जातं, पोट भरतं पण गुण राहत नाही. शिवाय तेच ते खाऊन लोक कमी जेवायला लागतात, वजन घटतं. एवढ्याशा जागेत थोडी ताजी भाजी लावतात ती म्हणूनच, आपण टेरेसवर पालक लावतो तेवढी.

सदाशिवपेठी
रविवार, रात्री ९:३०

मी अजूनही रोव्हर पार्टीतच आहे, पण तो खिळ्याचा किस्सा जोरदार होता, मान्य. एक विचारतो. २०१७ मध्ये इलॉन मस्क म्हणाले होते की २०२४ ला माणसं मंगळाकडे निघतील. त्याच्या आधी १९६९ मध्ये फॉन ब्राउन (अपोलोचं रॉकेट बनवणारे) म्हणाले होते की १९८२ ला पोचू. तुमच्या मते यातलं खरं अडलं कशावर? पैसा की पंप?

चाकणकर
रविवार, रात्री १०:१०

१९६९ ला पैसाच, व्हिएतनाम चालू होतं आणि चंद्र जिंकून झाला होता, सरकारचा रस संपला. पण तेव्हा पैसा मिळाला असता तर पंपावर अडलं असतं असं माझं मत. लघवीचं पिण्याचं पाणी करायचं यंत्र स्टेशनवर बसायला २००८ उजाडलं आणि एकूण पाणी ९८ टक्के परत मिळायला २०२३. हे काम प्रयोगशाळेत होत नाही, वर नेऊन, बिघडवून, उघडून बघूनच होतं. म्हणून मला वाटतं आधी चंद्रावर मुक्कामी राहून तीन-चार वर्षं हीच यंत्रं धुळीत चालवावीत. तिथून पार्ट मागवला तर तीन दिवसांत पोचेल.

गार्गी_कोथरूड
रविवार, रात्री १०:२८

काका, पण थ्रीडी प्रिंटर आहे ना? २०१४ च्या डिसेंबरमध्ये स्टेशनवर पाना प्रिंट केला होता, डिझाईन इथून नुसतं पाठवलं आणि वर छापलं. मंगळावर प्रिंटर आणि पावडरची पिंपं नेली की सगळे स्पेअर वेगवेगळे न्यायची गरजच नाही. आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच्याच आसपास घ्यायचं चाललंय.

चाकणकर
रविवार, रात्री १०:५५

पाना छापता येतो गार्गी, ब्रॅकेट छापता येतं, पाइपाचा एल्बो, झाकण, कव्हर, तुटलेलं हँडल, हे सगळं छान होईल आणि त्याने वजन खूप वाचेल. पण ब्रेकडाऊनला जातं काय ते बघ. बेअरिंग, ऑईल सील, ओ-रिंग, मोटरचं वाइंडिंग, सेन्सर, कंट्रोल कार्ड. बेअरिंगची गोळी मायक्रॉनमध्ये घासून पॉलिश करावी लागते, सीलला रबर लागतं आणि त्याची लिप धारदार हवी, छापलेल्या वस्तूचे थर हाताला लागतात, तिथून गळणारच. २०१३ मध्ये इटलीच्या लुका पार्मितानोच्या हेल्मेटमध्ये स्पेसवॉक चालू असताना दीड लिटर पाणी भरलं, नाकापर्यंत आलेलं, तो बुडता बुडता वाचला. कारण काय तर सूटमधल्या पंपाच्या भागात बारीक भोकं चोंदली. असल्या जागी प्रिंटर काही करत नाही.

प्रोजेक्टच घ्यायचा तर सील घ्या असं सुचवतो. मंगळाच्या धुळीसारखी बारीक पावडर, उणे साठचा थंडावा आणि फिरता शाफ्ट, किती तास टिकतं ते मोजायचं. फ्रीझर कॉलेजात मिळेल, टेस्ट रिग मी बनवून देतो, शॉपवर जुना शाफ्ट आणि मोटर पडून आहे. गाइडना विचारून व्यक्तिगत निरोप कर, पण गुरुवारी नको, बाकी कधीही.